परीकथांच्या मालिका मुलांना दाखवाव्या का? आधी शेवटची पाच मिनिटं बघा

गेल्या मे महिन्यात आमच्या घरातल्या सगळ्या आरशांवर टॉवेल होते. बेसिनवरच्या आरशावर, सुनेच्या कपाटाच्या आरशावर, आणि देवघराशेजारच्या माझ्या हातभर आरशावर माझाच पंचा. हे काम सहा वर्षांच्या नातीचं. स्टुलावर चढून, कपडे वाळत घालायचे चिमटे लावून, अगदी चोख बंदोबस्त. सून ऑफिसला निघताना टॉवेल वर करायची, टिकली लावायची आणि पुन्हा खाली सोडायची, कारण तो तसाच उघडा राहिला की घरात रडारड.

कारण कळायला दोन दिवस गेले. उन्हाळ्यात बडोद्यात दुपारी एक ते पाच बाहेर पाऊल टाकवत नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात पडदे ओढून, पंखा पाचावर ठेवून मुलं आतच असतात. अकरा वर्षांचा नातू एक परदेशी मालिका बघत होता आणि धाकटी शेजारी बसून बाहुलीचे केस विंचरत होती. राजा, राणी, चेटकीण, जादूचा आरसा. परीकथाच तर आहे, म्हणून आम्ही कुणी चौकशीही केली नाही. भागाच्या शेवटी आरशात एक चेहरा उमटतो, झोपलेल्या मुलीच्या दिशेने बुबुळं फिरवतो, आणि पडदा काळा. नेमकी तेव्हाच मी स्वयंपाकघरातून ओरडले, "झाला ना भाग? करा आता बंद!" नातवाने शहाण्यासारखा टीव्ही बंद केला. धाकटीच्या हिशेबाने मात्र तो चेहरा अजून आरशातच होता.

मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं. श्रावणातल्या कहाण्या लहानपणी आईकडून ऐकल्या, नंतर वर्गातही सांगितल्या. 'आटपाट नगर होतं' म्हटलं की दार उघडायचं, आणि 'ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' म्हटलं की बंद व्हायचं. मधे नावडत्या राणीचे हाल होत, मूल नदीत सोडलं जाई, काय वाट्टेल ते होई, पण दार बंद झाल्याशिवाय कुणाला उठू दिलं जात नसे. आजच्या मालिकेत हे 'सुफळ संपूर्ण' दीडशे भाग पुढे गेलेलं असतं, आणि कधीकधी तर येतच नाही. मुलांना काय दाखवावं याचा विचार मी तेव्हापासून याच टोकाकडून करते. गेल्या वर्षभरात घरी जी पद्धत बसली ती खाली लिहिते आहे. आधी निकाल सांगते, म्हणजे घाई असलेल्यांना पुढे वाचायला नको: सात वर्षांपर्यंत या मालिका नकोत, आठ ते दहा या वयात निवडून आणि शेजारी बसून, अकराच्या पुढे बऱ्याचशा चालतील, आणि काही मात्र नावात परी असो की राजकन्या, दहावीपर्यंत नाहीच.

आपल्या हातात नक्की काय आलंय?

'परीकथेची मालिका' या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली, मुलांसाठीच केलेली. आपल्याकडची 'सोनपरी' (स्टार प्लस, २००० ते २००४) किंवा २०१२ पासून सब टीव्हीवर आलेली 'बालवीर' या जातकुळीच्या. 'बालवीर'मधली खलनायिका म्हणजे भयंकर परी. नावातच सगळं सांगून मोकळी. चेहरे रंगवलेले, हसणं गडगडाटी, शिक्षा म्हणजे तोंडावर आपटणं. यात भीती थोडी, पण भाग शेकड्यांनी. इथे प्रश्न सवयीचा असतो.

दुसरी, घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायची म्हणून केलेली. याचं ठळक उदाहरण 'वन्स अपॉन अ टाइम' ही अमेरिकन मालिका, २०११ ते २०१८, सात पर्वं, १५५ भाग. दुष्ट राणीच्या शापाने परीकथांमधली सगळी पात्रं अमेरिकेतल्या एका गावात येऊन पडतात. आपण कोण हे ती विसरलेली आहेत आणि गावातलं घड्याळ अठ्ठावीस वर्षं एकाच जागी अडकलंय. कल्पना झकास आहे, मला स्वतःला आवडली. पण प्रत्येक भाग दोन काळांत उड्या मारतो. आत्ताची ती बाई आणि तेव्हाची ही राजकन्या एकच, हे सतत लक्षात ठेवावं लागतं. शाप पुरा करण्यासाठी राणी स्वतःच्या वडिलांचा जीव घेते, तेही मालिकेच्या अगदी सुरुवातीला. आणि गोष्टीच्या मध्यभागी आहे दहा वर्षांचा दत्तक मुलगा, त्याला वाढवणारी आई हीच ती दुष्ट राणी, आणि जन्म देणारी आई दारात. ज्या घरात दत्तक मूल आहे तिथे ही मालिका लावण्याआधी आईवडिलांनी दहादा विचार करावा. त्या मुलाच्या मनात काय चाललंय हे आपल्याला दिसत नसतं.

तिसरी, मोठ्यांची मारामारी, नुसता झगा परीचा. 'ग्रिम' (२०११ ते २०१७) हे नाव वाचून आमच्या ओळखीतल्या एका उत्साही बाबांनी पेरूच्या फोडी कापून मुलांना समोर बसवलं होतं. ती पोर्टलंड शहरातल्या एका पोलीस डिटेक्टिव्हची गोष्ट आहे, आणि पहिल्याच भागात लाल टोपीची एक तरुणी जंगलात धावायला जाते ती परत येत नाही. २०१८ची 'टेल मी अ स्टोरी' तर तीन डुकरांच्या गोष्टीतली डुकरं दरोडेखोर करून टाकते. आपल्याकडची 'नागिन' (कलर्स, २०१५ पासून) याच पेटीत टाका. इच्छाधारी नागीण ही लोककथेतलीच, पण मालिका आहे सुडाची आणि सासरच्या कारस्थानांची. ती बहुतेक घरांत मुलांसाठी लावलीच जात नाही. मोठे बघत असतात आणि मूल वरणभात जेवत असतं. तेही बघणंच झालं.

पेटी ओळखायची माझी कसोटी साधी आहे. गोष्टीतल्या मुख्य पात्राला काय हवंय? घर सापडायला हवंय, भाऊ सोडवायचाय, शाप उतरवायचाय, तर मुलाला ते कळतं. सूड हवाय, दुसऱ्याचा नवरा हवाय, गादी हवीय, तर पंख कितीही चमचमते असोत, ती मालिका त्याची नाही.

शिक्का वाचा, पण त्यावर विसंबू नका

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांमुळे भारतातल्या ओटीटीवर प्रत्येक कार्यक्रमाला वयाचा शिक्का लागतो: यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. सोबत हिंसा, भीती, भाषा अशी कारणंही लिहायची असतात. आकड्यापेक्षा मला ही कारणांची ओळ जास्त उपयोगी वाटते. १३+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांना पालकांचं कुलूप लावायची सोय देणं बंधनकारक आहे, तेव्हा ती वापरा. मुलांचं वेगळं प्रोफाइल करा, मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा, आणि तो पिन गाडीचा नंबर ठेवू नका. आमच्या नातवाने दुसऱ्या प्रयत्नात उघडला होता.

अमेरिकन मालिकांवर कधीकधी त्यांचे शिक्के दिसतात. टीव्ही-पीजी म्हणजे पालकांनी लक्ष ठेवावं, टीव्ही-१४ म्हणजे चौदाखालच्यांना नको. 'वन्स अपॉन अ टाइम' पहिल्या गटातली, 'ग्रिम' दुसऱ्या. रोजच्या टीव्हीवर येणाऱ्या हिंदी-मराठी मालिकांना सिनेमासारखं प्रमाणपत्र नसतं. मोठ्यांसाठीचा मजकूर रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत दाखवावा असा वाहिन्यांनी स्वतः घालून घेतलेला नियम आहे आणि तक्रारीसाठी २०११ पासून बीसीसीसी ही परिषद आहे. पण तिथे तक्रार करून मुलाची आजची रात्र सुधारत नाही, म्हणून ते एवढ्यावरच सोडते.

आधी आपण बघा, आणि आवाज बंद करून बघा

पहिला भाग बघून मालिका पास करायची, ही चूक सगळे करतात. पहिला भाग नटवलेला असतो, मुलगी दाखवायच्या दिवसासारखा. मी तीन तुकडे बघते. पहिल्या भागाची शेवटची पाच मिनिटं, तिसऱ्या-चौथ्या भागाची मधली दहा मिनिटं, आणि पर्वाच्या शेवटच्या भागाची शेवटची दहा मिनिटं. हो, मला शेवट आधी कळतो. माझ्या वयात रहस्य राहिलं नाही तर काही बिघडत नाही.

यातली मधली दहा मिनिटं आवाज बंद करून बघायची. हे मी नातीमुळे शिकले. बडोद्यातली आपली मुलं घरात मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशा चार भाषांत वावरतात. आपल्याला वाटतं, सगळं कळतं त्यांना. सहा वर्षांच्या मुलीला पळत्या इंग्रजीतला संवाद कळत नाही आणि खालची अक्षरं वाचून होईपर्यंत ती जातात. "घाबरू नकोस, हा आरसा तुझं रक्षण करतो" हे वाक्य तिच्यापर्यंत पोचतच नाही, पोचतो फक्त चेहरा. आवाज बंद केला की आपण तिच्या जागी जाऊन बसतो. त्या दहा मिनिटांत किती वेळा कुणाचा चेहरा बदलला, कुणाचा गळा धरला गेला, अंधारातून काय पुढे आलं, याच्या चक्क रेघा मारा. माझ्याकडे पंचांगाच्या मागच्या पानावर त्या आहेत. पाचपेक्षा जास्त रेघा झाल्या तर धाकटीसाठी ती मालिका बाद. पाच हा आकडा शास्त्रातला नव्हे, माझ्या अंदाजातला.

मग तेवढीच दहा मिनिटं पडद्याकडे पाठ करून नुसती ऐका. संगीत काय करतंय ते कळेल. बऱ्याच मालिकांत भीती चित्रात कमी आणि त्या घरघरत्या सुरात जास्त असते. अशा वेळी आवाज निम्मा केला तरी काम भागतं.

वयाचा हिशेब

दोन वर्षांखाली कुठलाच पडदा नको आणि दोन ते पाच या वयात दिवसाला तासाभराच्या आत, हे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ मध्ये सांगितलंय. पाच ते दहासाठी दोन तासांच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ची सूचनाही लहानांसाठी अशीच आहे. म्हणजे पाचखालच्यांचा प्रश्न इथेच मिटला. त्या तासात मालिका घालण्यापेक्षा चिऊ-काऊ बरे.

पाच ते सात हे वय फसवं. मूल बोलतं मोठ्यासारखं, पण भितं ते दिसण्याला. मुलांच्या भीतीचा अभ्यास करणाऱ्यांना हे पुन्हा पुन्हा दिसलंय की लहान मुलं रूपाला घाबरतात. त्यातही विशेषतः डोळ्यांदेखत रूप बदलण्याला. सुंदर बाई पडद्यावर चेटकीण होते तेव्हा ती 'आतून वाईट होती' असं मुलाला वाटत नाही. चांगली बाई अशी बदलू शकते, एवढंच ते शिकतं. आणि परीकथेच्या मालिकेत दर भागाला कुणीतरी बदलतच असतं. म्हणून सातपर्यंत नको.

आठ ते दहा वयाला रूपाची भीती ओसरते आणि खऱ्या वाटणाऱ्या गोष्टींची सुरू होते: आई सोडून जाणं, वडील ओळख विसरणं, घर जळणं. काळाच्या उड्याही गोंधळात टाकतात. भाग थांबवून विचारा, "हे आत्ताचं की तेव्हाचं?" तीनदा विचारून तीनदा उत्तर चुकलं तर मालिका वर्षभर कपाटात ठेवा. वर्षाने तीच जास्त आवडेल.

अकराच्या पुढे मात्र मी उलट सांगेन, दाखवाच. दुष्ट राणी दुष्ट का झाली, तिचं काय हिरावलं गेलं, तिने माफी मागितली तर ती द्यावी का, हे प्रश्न त्या वयाला हवेच असतात. आमचा नातू एका संध्याकाळी सेव उसळ खाता खाता म्हणाला, "आजी, तिची आई वाईट होती म्हणून ती वाईट झाली, तर मग आईची आई?" रश्श्यात पाव बुडवायचा राहून गेला. धाकट्यांना हेच प्रश्न झेपत नाहीत. वाईट माणूस भागाअखेर रडताना दिसला की त्यांची जमीन सरकते, कारण मग शिक्षा कुणाला झाली?

'मूळ गोष्टी काय कमी भयानक आहेत?'

हे ऐकवणारं कुणीतरी घरात असतंच. आमच्याकडे माझे यजमान. मुद्दा बरोबर आहे. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घेऊ पाहणारी तिची सख्खी आई आहे; सावत्र आई नंतरच्या आवृत्तीत आली. शेवटी राणीला तापवून लाल केलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावं लागतं. त्यांच्या सिंड्रेलाच्या बहिणी जोडा बसावा म्हणून पायाचं बोट आणि टाच कापून घेतात. फ्रान्समधल्या पेरोच्या १६९७ च्या सिंड्रेलात यातलं काही नाही, तिथे बहिणींना माफी आहे. आणि आपली चिऊताई? पावसात भिजलेल्या कावळ्याला तापल्या तव्यावर बसवणारी तीच ना?

पण ग्रिम बंधूंनी पुढे काय केलं तेही यजमानांना सांगते. १८२५ मध्ये त्यांनी आपल्या मोठ्या संग्रहातून पन्नास गोष्टी निवडून, चित्रं घालून एक छोटं पुस्तक काढलं, आणि घराघरांत खपलं ते हेच. निवड करणं म्हणजे मुलांना कापसात ठेवणं असं कुणी म्हणालं की मला ते पन्नास आठवतात.

शिवाय सांगणारी बाई समोरच्याचं तोंड बघून सांगते. ओठ थरथरला की राक्षस लवकर मरतो, डोळे चमकले की आणखी एक जंगल लागतं. पडद्याला श्रोता दिसत नाही. ते काम आपण शेजारी बसून करायचं, आणि त्यातला मुख्य भाग म्हणजे कुठे थांबायचं.

दहाव्या मिनिटापासून दहाव्या मिनिटापर्यंत

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

मालिकेचा भाग संपतो तो मुद्दाम उत्कंठेच्या टोकावर. पुढचा भाग बघितला जावा म्हणून लिहिणारे तिथे गाठ मारून ठेवतात. आपण शिस्तीचे पालक म्हणून नेमके तिथेच टीव्ही बंद करतो आणि मुलाला ती गाठ घेऊन झोपायला पाठवतो. पुढच्या भागाच्या पहिल्या पाच-दहा मिनिटांत ती गाठ बहुतेक वेळा सुटते.

म्हणून अमेरिकन पद्धतीच्या साधारण ४२ मिनिटांच्या भागाचं गणित असं मांडा. पहिल्या दिवशी पूर्ण भाग आणि पुढच्याची दहा मिनिटं. दुसऱ्या दिवसापासून दहाव्या मिनिटाला सुरू करून पुढच्या भागाच्या दहाव्या मिनिटाला थांबा. वेळ तेवढाच जातो, पण थांबायची जागा मधल्या शांत प्रसंगात येते. कुणी जेवतंय, प्रवासाला निघालंय, नकाशा उलगडतंय. दहा मिनिटांत शांतता सापडली नाही तर बारा घ्या. आरशाच्या प्रकरणावर आम्ही हाच उतारा केला. तिसऱ्या दिवशी धाकटीला मांडीवर घेतलं, दिवे लावले आणि पुढच्या भागाची पहिली सात मिनिटं दाखवली. आरशातला चेहरा तिथे अडकून पडलेल्या एका म्हाताऱ्याचा निघाला आणि मुलीला सावध करायला बघत होता. त्या संध्याकाळी बेसिनवरचा टॉवेल उतरला. कपाटाचा दोन दिवस राहिला, खबरदारी म्हणून.

यासाठी दोन कामं करावी लागतात. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, नाहीतर दहाचे वीस कधी झाले कळत नाही. आणि भागाच्या सुरुवातीचं 'आतापर्यंत तुम्ही पाहिलंत' पुढे ढकला. त्या अर्ध्या मिनिटात आधीच्या सगळ्या भागांतले भीतीदायक तुकडे एकत्र बांधलेले असतात, मागचेपुढचे संदर्भ काढून. धाकट्यांसाठी त्याहून वाईट काही नाही.

रोजच्या टीव्हीवरची मालिका असेल तर ती त्या वेळेला बघूच नका. दुसऱ्या दिवशी वाहिनीच्या ॲपवर बघा, म्हणजे थांबणं आपल्या हातात राहतं आणि उद्याच्या भागाची झलक टाळता येते. आठवड्याच्या शेवटच्या भागाला हमखास मोठी गाठ असते, तो सोमवारच्या भागाला जोडूनच दाखवा.

जर्मनीत एआरडी वाहिनीने २००८ पासून परीकथांवरचे तासाभराचे स्वतंत्र चित्रपट करायची प्रथा पाडली आहे, नाताळच्या सुमाराला दाखवतात. एक गोष्ट, एक तास, संपलं. आपल्याकडे कुणी श्रावणातल्या एकेका कहाणीवर असं केलं तर मी पहिल्या रांगेत बसेन.

शेजारी बसून काय करायचं

"काही नाही, खोटं असतं ते" हे वाक्य मोठ्या मुलांना उपयोगी पडतं, सहा-सात वर्षांच्यांना जवळजवळ नाही. त्यांना समजूत लागत नाही, हाताला काहीतरी लागतं. पाण्याचा पेला, बाहुली, आजीचा पदर. तेवढं द्या आणि गप्प बसा.

खोटं आहे हे पटवायचं असेल तर करून दाखवा. आम्ही रविवारी सकाळी आरशासमोर नातीलाच चेटकीण केलं. गालाला तांदळाचं पीठ, डोळ्यांखाली काजळ बोटाने पसरवून, भुवया जाड, नाकाच्या शेंड्यावर भिजवलेल्या कणकेचा गोळा. अट एकच, तिने सगळा वेळ आरशात बघत राहायचं. पीठ लावलं, अजून तीच. काजळ लावलं, अजून तीच. कणीक चिकटवली तेव्हा ती इतकी हसली की नाक बेसिनमध्ये पडलं. मग तिने मला केलं, मग तिच्या बाबांना. चेहरा बदलायला किती पायऱ्या लागतात आणि प्रत्येक पायरीला आत कोण असतं, हे तिला बोटांनी कळलं.

बघून झाल्यावर कान उघडे ठेवा

जूनमध्ये धाकटीने हळूच विचारलं, "आजी, समोरच्या बा डाकण आहेत का?"

समोरच्या बा म्हणजे ऐंशी ओलांडलेल्या गुजराती शेजारीण. पाठीला बाक, दोनच दात, संध्याकाळी ओट्यावर बसून वाती वळतात. याच बा दर उत्तरायणाला तिला तिळाची चिक्की देतात. पण पडद्यावर बाक आलेली, सुरकुतलेली, एकटी राहणारी प्रत्येक बाई दुष्टच निघाली होती, तिने हिशेब जुळवला.

आपली 'चेटकीण' पुस्तकातली, थोडी गमतीची. 'डाकण' हा शब्द इथल्या मातीत तसा नाही. गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात आजही एकट्या बायकांना डाकण ठरवून छळलं जातं. महाराष्ट्राने २०१३ मध्ये आणि गुजरातने २०२४ मध्ये अघोरी प्रथांविरुद्ध कायदे केले ते हौसेने नव्हे. सहा वर्षांच्या मुलीला कायदा सांगत बसले नाही. तिला घेऊन समोर गेले आणि बांना म्हटलं, हिला वाती वळायला शिकवा. तासाभराने ओबडधोबड अकरा वाती घेऊन परत आली. डाकणीचा विषय पुन्हा निघाला नाही.

सावत्र आईचंही तेच. वर्गात, सोसायटीत कुणाच्या वडिलांनी दुसरं लग्न केलेलं असतं आणि ती बाई बिचारी डबे करून थकलेली असते. मालिका बघताना 'सावत्र आई' आली की मी ओळखीतल्या अशा एखाद्या मायाळू काकूचा विषय मुद्दाम काढते, त्याच दिवशी. गोरी ती चांगली, काळी ती वाईट, हा हिशेब नव्या मालिकांत कमी झालाय, पण हिंदीतल्या काही पऱ्या अजून तिथेच आहेत. नातू आता ते स्वतःच टिपतो आणि मोठ्याने ओरडतो.

रात्री घाबरलंच तर

दिवा लावा, उठून बसवा, पाणी द्या. मध्यरात्री विचारपूस नको. काय दिसलं ते पुन्हा सांगायला लावलं तर पुन्हा दिसतं. सकाळी चित्र काढायला बसवा. ज्याची भीती वाटली ते काढू द्या, मग त्याला चड्डी, छत्री, सर्दी, जे सुचेल ते जोडू द्या. आमच्या आरशातल्या म्हाताऱ्याला शेवटी सुरसागरच्या काठावर भेळ मिळाली. पलंगाखाली झाडू फिरवून "बघ, गेलं" असं मात्र करू नका. म्हणजे काहीतरी होतं, हे आपणच कबूल करतो.

झोप, जेवण किंवा शाळा यांवर दोन-तीन आठवडे परिणाम दिसत राहिला, मूल एकटं बाथरूमलाही जाईना, तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. मालिका हे निमित्तही असू शकतं. खरी भीती दुसरीकडची निघते.

धाकट्यांना मग काय द्यायचं?

थोरला बघतो आणि धाकटीला हाकलायचं, यावरून भांडणं होणारच. आमच्याकडे तोडगा असा निघाला. थोरला बघतो त्या वेळात मी तिला आतल्या खोलीत गोष्ट सांगते, आणि ती गोष्ट त्याच्या मालिकेतल्यापेक्षा मागे पडू नये याची मला काळजी घ्यावी लागते. वेताळ, भोपळ्यातली म्हातारी, आवडती-नावडती, सगळं कामाला आलं. साठा संपला की मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून राज्यभर वाचनालयांची व्यवस्था लावली, लाकडी पेट्यांतून गावोगाव पुस्तकं पाठवली. काचेच्या फरशीवरून चालत जाऊन पुस्तक काढायचं, हीच नातीला परीकथा वाटते.

मालिकेत येणारी गोष्ट आधी तोंडी सांगून ठेवणं हाही चांगला उपाय आहे. हिमगौरी आधी ऐकलेल्या मुलीला माहीत असतं की सफरचंद घशातून निघणार आहे. मग पडद्यावर तिने ते खाल्लं तरी ती माझ्याकडे बघून डोळा मारते.

शेवटचं वेळेबद्दल. नवरात्रात नवी मालिका सुरू करू नका. नऊ रात्री गरब्यावरून एक-एक वाजता परतलेलं मूल साध्या सावलीलाही दचकतं. परीक्षेच्या आठवड्यातही नको. दिवाळीची सुट्टी उत्तम. आम्हीही तेव्हाच सुरू करणार आहोत. नातवाने दोन नावं काढली आहेत, आणि ठरल्याप्रमाणे दोन्हींच्या पहिल्या भागाची शेवटची पाच मिनिटं या रविवारी दुपारी मला दाखवणार आहे. आवाज बंद करून. धाकटी तेव्हा समोर बांकडे असेल, वातींचा लक्ष पूर्ण करायचाय त्यांना.